यंत्रमानवाला गुण देणारी माणसं नेमकी किती?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतली आयटीआय-इंजिनिअरिंगची मुलं आणि कारखान्यांतले काही सुपरवायझर अशा मिश्र श्रोत्यांसमोर केलेलं हे बोलणं. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘बरं का’ आणि ‘आता बघा’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय असा : यंत्रमानवाशेजारी काम करणाऱ्या माणसाला आपण रोज विचारतो, ‘कसं वाटतंय?’ तो १ ते ५ मध्ये गुण देतो. उद्या पुन्हा देतो, परवा पुन्हा. या आकड्यांचा ढीग जमला की त्याचं करायचं काय? यासाठी जी रीत वापरतात तिला मल्टिलेव्हल मॉडेल म्हणतात. मराठीत बहुस्तरीय प्रतिमान म्हणू. नाव जड आहे, आतली गोष्ट तेवढी जड नाही.

जाळीच्या आतला आणि बाहेरचा रोबो

रांजणगावची एमआयडीसी तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली आहे. वेल्डिंगचा मोठा रोबो जाळीच्या आत असतो आणि माणूस बाहेर. दार उघडलं की रोबो थांबतो. सुरक्षेचा प्रश्न जाळीनेच सोडवलेला असतो.

आता दुसरी जात आली आहे, कोबॉट. म्हणजे माणसाच्या शेजारी, बऱ्याचदा जाळीशिवाय काम करणारा हात. तुम्ही स्क्रू लावायचा, त्याने पार्ट धरायचा. त्याचा धक्का लागला तरी इजा होऊ नये म्हणून २०१६ साली आयएसओ टीएस १५०६६ नावाचा दस्तऐवज निघाला. शरीराच्या कुठल्या भागाला किती जोर आणि दाब चालेल याचे आकडे त्यात दिलेत.

पण हाताला इजा होणार नाही हे एक, आणि आठ तास त्या हाताशेजारी उभं राहताना धास्ती वाटणार नाही हे दुसरं. पहिलं यंत्राने मोजता येतं. दुसरं माणसालाच विचारावं लागतं. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरली गेलेली प्रश्नावली २००९ सालची आहे. क्रिस्टोफ बार्टनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली, नाव ‘गॉडस्पीड’. तिच्यात शब्दांच्या २४ जोड्या आहेत आणि त्यांचे पाच गट : रोबो माणसासारखा वाटतो का, जिवंत वाटतो का, आवडतो का, हुशार वाटतो का, आणि त्याच्याजवळ सुरक्षित वाटतं का. प्रत्येक जोडीला १ ते ५. शेवटच्या गटात एक जोडी साधारण अशी आहे : ‘धास्तावलेला’ की ‘निवांत’? आज आपण एवढी एकच जोडी धरू.

१२० आकडे, पण माणसं ८

समजा, शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात नवीन कोबॉट बसवला. हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलंय, कुठल्या खऱ्या कारखान्याचं नाही. त्याच्याशेजारी ८ कामगार आहेत. प्रत्येकाला १५ पाळ्या, पाळी संपली की एक गुण. आठ पंधरे एकशे वीस. १२० आकडे एक्सेलमध्ये गेले, सरासरी ३.५ आली. अहवालात लिहिलं, ‘१२० प्रतिसादांच्या आधारे कामगार समाधानी आहेत.’

हे १२० प्रतिसाद म्हणजे १२० माणसं नव्हेत. एखादा माणूस स्वभावानेच बिनधास्त असतो, तो पंधराही दिवस ४ किंवा ५ देणार. दुसरा जपून वागणारा, तो २-३ च्या वर जाणार नाही. त्याचा सोमवारचा आकडा कळला की मंगळवारचा आकडा जवळपास सांगता येतो. मग मंगळवारच्या आकड्यातून नवीन कळलं किती? थोडंसंच.

हे ‘थोडंसं’ मोजता येतं. सगळ्या आकड्यांत जो चढउतार आहे त्याचे दोन वाटे करायचे. एक वाटा माणसामाणसांतल्या फरकाचा, दुसरा एकाच माणसाच्या रोजच्या बदलाचा. पहिल्या वाट्याचं एकूण चढउताराशी प्रमाण काढलं की जो आकडा येतो त्याला आयसीसी म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ०.६ धरू, म्हणजे शंभरातला साठ टक्के फरक माणसाच्या स्वभावाचा, सवयीचा, अनुभवाचा.

आता सूत्र. एका माणसाचे आकडे १५, त्यातून १ वजा केला, १४. गुणिले ०.६, झाले ८.४. त्यात १ मिळवला, ९.४. आता १२० ला ९.४ ने भागा. उत्तर येतं १३ पेक्षा थोडं कमी. म्हणजे ‘एकूण कामगारांना सरासरी कसं वाटतं’ या प्रश्नासाठी तुमच्या १२० आकड्यांचं वजन साधारण १३ स्वतंत्र माणसांइतकं आहे. बरं, १५ ऐवजी १०० पाळ्या घेतल्या तर? आकडे ८०० होतील, वजन तरीही १३ च्या आसपासच राहील. त्याच आठ जणांना कितीही वेळा विचारा, नववा माणूस काही त्यातून तयार होत नाही.

स्टुअर्ट हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८४ साली आपल्या क्षेत्रातल्या प्रयोगांची झाडाझडती घेतली आणि या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. खोटी पुनरावृत्ती म्हणा.

मग रोज विचारायचं कशाला, असं कुणी म्हणेल. तर थांबा. प्रश्न बदलला की याच आकड्यांची किंमत वाढते. समजा तुम्हाला पाहायचंय की कोबॉटचा वेग कमी केला तर धास्ती कमी होते का. काही पाळ्या जलद, काही सावकाश, आणि आठही जणांनी दोन्हींवर काम केलं. आता प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे. बिनधास्त माणसाचे जलदचे गुण आणि त्याचेच सावकाशचे गुण. स्वभावाचा वाटा वजाबाकीत निघून जातो आणि थोड्या माणसांतही फरक स्पष्ट दिसू शकतो. इथे जर तुम्ही सगळे आकडे सुटे समजून एकत्र केलेत, तर खरा फरक स्वभावाच्या गोंगाटात बुडेल. म्हणजे तीच चूक एका प्रश्नात खोटी खात्री देते आणि दुसऱ्या प्रश्नात हातातलं उत्तर घालवते.

ही रीत गोठ्यातून आणि शेतातून आली

तुम्हाला वाटेल हे सगळं रोबोवाल्यांनी शोधलं. नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरोघरी जनावरं आहेत, त्यामुळे हा भाग तुम्हाला लगेच पटेल. एखादा वळू चांगला आहे हे कशावरून ठरवायचं? त्याच्या लेकींच्या दुधावरून. पण एक लेक चांगल्या गोठ्यात, दुसरी चाऱ्याची टंचाई असलेल्या गोठ्यात. एकीच्या चार वेतांच्या नोंदी, दुसरीची एकच. हा गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात चार्ल्स हेंडरसन यांनी १९५० च्या आसपासपासून जी समीकरणं मांडली, ती आजही मल्टिलेव्हल मॉडेलच्या पोटात आहेत. गाईच्या जागी कामगार ठेवा, वेताच्या जागी पाळी ठेवा. पुढे १९८२ साली नॅन लेअर्ड आणि जेम्स वेअर यांनी माणसांच्या वारंवार घेतलेल्या मोजमापांसाठी ही रीत नीट बसवून दिली.

पिकांचंही तसंच. पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला असेल. आधी गावं निवडायची, गावातून शेतं, शेतातून मोजून आखलेला तुकडा. स्तरावर स्तर. भारतात ही पद्धत शास्त्रीय पायावर उभी करण्यात पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला आणि मग लंडनला. एकाच गावातली दोन शेतं एकमेकांसारखी असतात, म्हणून एकाच गावातली शेतं वाढवत नेण्यापेक्षा गावं वाढवणं बहुधा जास्त फायद्याचं, हा हिशेब त्या कामात आहे. आपण आत्ता आठ कामगारांचा केला तोच.

सुखात्म्यांची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेतली नोकरी संपवून ते पुण्यात राहिले आणि कुपोषणाच्या मोजमापाकडे वळले. १९७१ साली पुण्याच्याच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात माणशी दिवसाला २२५० कॅलरी अशी रेघ धरली होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा की एकाच निरोगी माणसाची गरज आणि खाणं काळानुसार वरखाली होत असतं, म्हणून सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही. रेघ खाली घ्यायला हवी. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही टीका केली. या तर्काने खरोखर अर्धपोटी असलेली माणसं हिशेबातून गळतील, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. १९८० च्या दशकात हा वाद बराच गाजला.

वादाच्या मुळाशी काय होतं? माणसामाणसांतला फरक किती आणि एकाच माणसातला चढउतार किती. कागदावर दोन वाटे, पण वाटणी कशी केली त्यावर उपाशी कुणाला म्हणायचं हे ठरणार होतं. रोबोच्या बाबतीतही ‘त्याचा आजचा दिवस वाईट होता’ आणि ‘त्याला खरोखरच भीती वाटते’ यांतला फरक असाच वाटणीवर ठरतो.

सपाट सरासरीच्या खाली

आता आपल्या कारखान्यात परत येऊ. पहिल्या दिवसाची सरासरी ३, पंधराव्या दिवसाचीही ३. सुपरवायझर म्हणाला, ‘काही बदल नाही, चालू द्या.’

प्रत्येकाची रेघ वेगळी काढून बघू. चार जण पहिल्या दिवशी २ वर होते, सवय झाली, ४ वर आले. उरलेले चार पहिल्या दिवशी ४ वर होते, ते २ वर उतरले. बेरीज तीच, सरासरी तीच. पण निम्म्या माणसांची भीती वाढत चालली आहे आणि अहवालात ती कुठेच नाही.

मल्टिलेव्हल मॉडेलमध्ये प्रत्येक माणसाला दोन गोष्टी स्वतःच्या देता येतात : तो कुठून सुरू झाला आणि त्याची रेघ वर चालली की खाली. मॉडेल विचारतं, या रेघांचा उतार माणसागणिक किती वेगळा आहे? तो बराच वेगळा निघाला की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कशामुळे? समजा खाली उतरलेल्या चौघांची उंची कमी निघाली. कोबॉटचा हात वळताना उंच माणसाच्या छातीसमोरून जातो, त्यांच्या मात्र तोंडासमोरून. उंची हा माणसाच्या स्तरावरचा घटक, धास्ती हा पाळीच्या स्तरावरचा आकडा. दोन स्तर जोडल्याशिवाय हे दिसणारच नाही. आणि उपाय काय, तर बैठक थोडी खाली घ्या किंवा हाताचा मार्ग बदला. एका दिवसाचं काम.

दोनच नोंदी असलेला माणूस

आता एक नाजूक मुद्दा. समजा एक कंत्राटी कामगार आला, दोन पाळ्या केल्या, दोन्ही वेळा १ दिला आणि पुढे आला नाही. बाकीच्यांची सरासरी ३.५. मॉडेल त्याचा अंदाज १ धरत नाही. आपल्या ०.६ च्या हिशेबाने तो साधारण १.६ धरतं, म्हणजे गटाच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतं. नोंद एकच असती तर २ वर नेलं असतं. पंधरा नोंदी असत्या तर १.१ वर ठेवलं असतं.

यामागचा विचार व्यवहारी आहे. थोड्या माहितीवर एकदम टोकाचं मत बनवू नये. एक वेत पाहून गाईची किंमत ठरवू नये, तसंच. त्याच माणसाला पुढच्या पाळ्यांत कसं वाटेल याचा अंदाज बांधायचा तर हा ओढलेला आकडा जास्त भरवशाचा असतो.

पण सुरक्षेच्या कामात माझं मत स्पष्ट आहे. ज्याने दोनदा १ दिला त्याला मॉडेलच्या १.६ ने उत्तर देऊ नका, त्याला फोन करा. मॉडेल गटाबद्दल बोलण्यासाठी आहे. एका माणसाने हात वर केला असेल तर आधी त्याचं ऐकायचं.

आणि तो पुढे का आला नाही? गावी पेरणी होती म्हणून, की भीती वाटली म्हणून? मॉडेल कमी-जास्त नोंदी सहज सांभाळतं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यासाठी ते एक गोष्ट गृहीत धरतं : नोंद का गळली याचं कारण आपल्या हातातल्या माहितीतून समजण्यासारखं आहे. ज्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली तेच काही न सांगता काम सोडून गेले असतील, तर उरलेल्यांची सरासरी दर आठवड्याला सुधारत जाईल आणि कोबॉट मात्र तसाच असेल. हजेरीपटावरची रिकामी चौकट हीसुद्धा माहिती आहे. ती पुसू नका.

दोन तालुके, एक रोबो

तुमच्यातल्या एकाने विचारलं होतं की शिरूरमध्ये एक कारखाना आणि दौंडकडे कुरकुंभला एक, असे दोन घेतले तर ‘कारखाना’ हा तिसरा स्तर धरता येईल का? कल्पना चांगली आहे, पण दोन कारखान्यांवरून ‘कारखान्याकारखान्यांत किती फरक असतो’ हे काढता येत नाही. दोन ठिपक्यांतून एकच अंतर मिळतं. अशा वेळी दोघांना सरळ दोन वेगळे गट म्हणून मॉडेलमध्ये ठेवायचं आणि निष्कर्ष त्या दोघांपुरताच सांगायचा. सगळ्या महाराष्ट्राबद्दल बोलायचं तर कारखाने वाढवायला हवेत.

रोबोचंही तेच. एकाच कोबॉटवर शंभर माणसांचे गुण घेतले आणि ‘माणसांना कोबॉट आवडतात’ असं लिहिलं, तर ते चूक. त्यांना तो एक कोबॉट आवडला. भजन स्पर्धा आठवा. एक परीक्षक हात सैल सोडून गुण देतो, दुसरा आखडता हात घेतो. मंडळंही काही चांगली, काही बेताची. सगळ्या परीक्षकांनी सगळी मंडळं ऐकली असतील तर परीक्षकाचा सैलपणा आणि मंडळाची गुणवत्ता वेगवेगळी काढता येते. कामगार म्हणजे परीक्षक, रोबो म्हणजे मंडळ. दोघांनाही मॉडेलमध्ये आपापली जागा द्यायची. पण मंडळ एकच असेल तर स्पर्धा कसली?

साहेब समोर असताना

आकड्यांबद्दल दोन सावधगिऱ्या. पहिली, १ ते ५ हे फूटपट्टीवरचे इंच नाहीत. २ वरून ३ वर येणं आणि ४ वरून ५ वर जाणं सारखंच असेल असं नाही. अनेक जण ५ देतच नाहीत, ‘पाच म्हणजे देवालाच’ असं म्हणतात. म्हणून अशा गुणांसाठी क्रमवार मॉडेल वापरतात. त्यात फक्त कुठला गुण वरचा आणि कुठला खालचा एवढंच धरलं जातं, आणि त्यांच्यामधलं अंतर मॉडेल आकड्यांवरूनच ठरवतं.

दुसरी सावधगिरी मॉडेलच्या हाताबाहेरची. सुपरवायझर शेजारी उभा राहून विचारतो, ‘काय, बरं आहे ना?’ कामगार म्हणतो, ‘बरं आहे साहेब.’ आणि ४ लिहून जातो. पंधरा दिवस ४, चढउतार शून्य. मॉडेलला हा माणूस अत्यंत स्थिर वाटेल. विचारणारा माणूस कोण, कागद कुणाच्या हातात जातो, नाव लिहावं लागतं का, हे चुकलं तर पुढचं गणित कितीही शुद्ध असो, उपयोग नाही.

उद्यापासून करायचं असेल तर

प्रत्येक कामगाराला एक गुप्त क्रमांक द्या आणि तोच शेवटपर्यंत ठेवा. क्रमांक नसेल तर कुठला आकडा कुणाचा हे कळणार नाही आणि वरचं सगळं मुसळ केरात. गुणाबरोबर तारीख, पाळी, रोबोचा वेग आणि त्या दिवशी धक्का लागला किंवा रोबो अचानक थांबला का, हे लिहा. पेटी कुलपाची ठेवा, कागद घडी करून टाकू द्या.

आकडे जमले की मॉडेलच्या आधी चित्र काढा. प्रत्येक माणसाची एक रेघ, आठ माणसांच्या आठ रेघा, एकाच कागदावर. निम्मी गोष्ट तिथेच दिसते. मग ‘आर’ ही मोफत मिळणारी प्रणाली घ्या. तिच्यात ‘एलएमई-फोर’ नावाचं पॅकेज आहे, क्रमवार गुणांसाठी ‘ऑर्डिनल’ नावाचं. दोन्ही फुकट आहेत, साधा लॅपटॉप पुरतो.

आणि अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहा : माणसं किती, प्रत्येकाच्या नोंदी किती, मध्येच गळले किती, रोबो किती. ‘१२० प्रतिसाद’ एवढंच लिहिलेला कागद कुणी पुढे केला तर विचारा, ‘माणसं किती?’ हा प्रश्न विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. लाईनवर उभा असलेला कुणीही विचारू शकतो, आणि त्याने तो विचारावाच, कारण त्या कागदावर कोबॉटचा वेग ठरणार आहे.

पुढच्या भागात नमुना किती मोठा घ्यावा यावर बोलू. तुमच्याकडे अशा नोंदींची वही असेल तर नावं झाकून, फक्त क्रमांक ठेवून घेऊन या, तिच्यावरच रेघा काढून बघू.